बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर

बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर (बीएमसी) : सर्व्हरच्या मदरबोर्डवर बसवलेला, पण सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरवर किंवा ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून नसलेला छोटा संगणक. सर्व्हर बंद असो, हँग झालेला असो किंवा त्यावर अजून काहीच इन्स्टॉल केलेले नसो, याच्यामार्फत दूर बसून त्याचे तापमान आणि पंखे पाहता येतात, तो चालू-बंद करता येतो, त्याचा स्क्रीन आणि कीबोर्ड वापरता येतो. मुंबईत ‘बीएमसी’ म्हटले की महानगरपालिकाच डोळ्यांपुढे येते. सर्व्हर सांभाळणारेही हे नाव क्वचितच घेतात. ते कंपनीने दिलेल्या नावाने बोलतात : डेलचा आयड्रॅक, एचपीईचा आयएलओ (इंटिग्रेटेड लाइट्स-आउट), लेनोवोचा एक्सक्लॅरिटी कंट्रोलर. सुपरमायक्रोच्या सर्व्हरवर त्याला सरळ ‘आयपीएमआय’ म्हणतात, जे खरे तर अशा दूरस्थ देखरेखीच्या एका समाईक प्रमाणाचे (स्टँडर्डचे) नाव आहे.

गरज कुठे पडते ते कोणत्याही रात्रपाळीवाल्याला विचारावे. महाप्याच्या डेटा सेंटरमधला एखादा सर्व्हर रात्री दोन वाजता पिंगला, म्हणजे ‘आहेस का?’ या नेटवर्कवरच्या हाकेला, उत्तर देईनासा होतो. तो पूर्ण बंद पडला, कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला की नुसती नेटवर्क केबल निसटली, हे पुण्यात बसलेल्या माणसाला कळत नाही, कारण त्याची सगळी साधने त्याच पडलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आत आहेत. पूर्वी अशा वेळी डेटा सेंटरला फोन करून ड्युटीवरच्या माणसाला ‘अमुक रॅक, वरून सातवा, बटण दाबून धरा’ असे सांगावे लागे, आणि तो वरून सातवाच मोजेल अशी आशा धरावी लागे. आता बीएमसीत लॉगिन करून स्क्रीन पाहता येतो, नोंदवही वाचता येते, आणि काहीच जमले नाही तर वीज तोडून पुन्हा देता येते. एचपीईच्या नावातले ‘लाइट्स-आउट’ हे शब्द यावरूनच आले. आत कोणी जायचेच नसेल, तर सर्व्हर रूमचे दिवे कशाला चालू ठेवायचे?

सर्व्हरची पाठ पाहिली तर दोन-चार नेटवर्क पोर्टपासून जरा बाजूला एक पोर्ट एकटाच असतो, बहुधा त्यावर पान्ह्याचे चिन्ह किंवा ‘एमजीएमटी’ ही अक्षरे असतात. तो बीएमसीचा. पॉवर सप्लायला केबल जोडल्यावर, पुढचे बटण दाबण्याआधीच, त्याचा दिवा लुकलुकू लागतो. बंद सर्व्हरलाही पॉवर सप्लाय थोडी स्टँडबाय वीज देत राहतो आणि बीएमसी त्यावर जगतो. त्याला स्वतःची मेमरी, स्वतःची फ्लॅश, स्वतःचा आयपी पत्ता आणि बहुतेकदा स्वतःचे लिनक्स असते. मदरबोर्डवरचे तापमान, व्होल्टेज आणि पंख्यांचे सेन्सर तो आय-स्क्वेअर-सी या दोन तारांच्या साध्या जोडणीवरून वाचतो. चिपमध्येच ग्राफिक्सचा एक जुन्या धाटणीचा भाग असल्यामुळे सर्व्हर स्क्रीनवर जे लिहितो ते त्याच्याच हातून जाते; तेच चित्र कॉम्प्रेस करून तो नेटवर्कवर पाठवतो. उलट दिशेने तो मुख्य संगणकाला यूएसबी कीबोर्ड, माउस आणि सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतो. म्हणूनच आपल्या लॅपटॉपवरची आयएसओ फाइल शंभर किलोमीटरवरच्या सर्व्हरला ‘सीडी’ म्हणून देता येते. वेग मात्र बेताचाच. इन्स्टॉलेशन लावून चहा घेऊन यावे, जमल्यास जेवूनही.

यातली सर्वांत साधी सोय मला सर्वांत उपयोगाची वाटते : ओळखीचा निळा दिवा. दूरवरून एक कळ दाबली की सर्व्हरच्या पुढे-मागे निळा दिवा चमकू लागतो, आणि चाळीस एकसारख्या खोक्यांमधून डिस्क बदलायला आलेल्या तंत्रज्ञाला नेमके खोके सापडते. चालत्या सर्व्हरची भलतीच डिस्क उपसण्याचा प्रसंग एकदा पाहिला की या दिव्याची किंमत कळते. नोंदवहीचे, म्हणजे सिस्टिम इव्हेंट लॉगचेही तसेच. ‘पॉवर सप्लाय २ : इनपुट गेला’, ‘डिम ए५ : दुरुस्त झालेल्या चुकांची मर्यादा ओलांडली’ (डिम म्हणजे मेमरीची पट्टी) अशा ओळी ऑपरेटिंग सिस्टिम मेली तरी तिथे राहतात. मात्र घड्याळ लावलेले नसेल, तर नोंदींवर १ जानेवारी १९७० अशी तारीख पडलेली दिसते आणि घटनांचा क्रम जुळवत बसावे लागते.

सुरुवातीला हे काम वेगळ्या कार्डाकडे होते. कॉम्पॅकचा रिमोट इनसाइट बोर्ड आणि डेलचे रिमोट ॲक्सेस कार्ड, म्हणजे ड्रॅक, ही पैसे मोजून सर्व्हरमध्ये खोचायची कार्डे होती. पुढे ती मदरबोर्डवरच आली. आयड्रॅक आणि आयएलओ या नावांतला पहिला ‘आय’ याच एकीकरणाचा. दरम्यान १९९८ मध्ये इंटेलने एचपी, डेल आणि एनईसी यांच्यासह आयपीएमआय हे समाईक प्रमाण जाहीर केले. २००१ च्या १.५ आवृत्तीत ते नेटवर्कवरून चालू लागले, आणि २००४ च्या २.० आवृत्तीने सिरियल कन्सोल, म्हणजे नुसत्या मजकुराचा स्क्रीन, नेटवर्कवरून देण्याची सोय आणली. चिपच्या बाबतीत तैवानच्या एस्पीड या २००४ साली स्थापन झालेल्या कंपनीने बाजार व्यापला. तिच्या एएसटी२५०० या चिपमध्ये ८०० मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर आहे, तर एएसटी२६०० मध्ये १.२ गिगाहर्ट्झचे दोन कोअर. आयपीएमआयची जागा आता रेडफिश घेत आहे. डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये आणलेले हे प्रमाण वेबच्याच भाषेत, एचटीटीपीएस आणि जेसनमध्ये बोलते. फेसबुकमध्ये २०१४ साली सुरू झालेले ओपनबीएमसी हे मुक्त फर्मवेअर (बीएमसीच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) २०१८ पासून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली आहे.

परवान्याची गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी. चिप प्रत्येक सर्व्हरमध्ये असते, स्क्रीन पकडण्याची ताकदही तिच्यात असते. तरी डेल आणि एचपीईच्या सर्व्हरवर पूर्ण रिमोट कन्सोल वरच्या दर्जाचे लायसन्स घेतल्यावरच उघडतो. खरेदीच्या वेळी ‘कशाला हवाय’ म्हणून ही ओळ कोटेशनमधून गाळली जाते, आणि ती का हवी होती हे पहिल्याच अडचणीच्या रात्री समजते.

बीएमसीचे सामर्थ्य त्याच्या वेगळेपणात आहे, आणि धोकाही तिथेच. मुख्य ऑपरेटिंग सिस्टिमवरचे अँटिव्हायरस वा लॉग त्याच्या आत पाहू शकत नाहीत, उलट तो मात्र आख्खा सर्व्हर ताब्यात घेऊ शकतो. २०१३ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन फार्मर यांनी आयपीएमआयच्या दोषांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यातला एक दोष तर प्रमाणाच्या मांडणीतच आहे : आयपीएमआय २.० नुसार लॉगिन पुरे होण्याआधीच बीएमसी समोरच्याला पासवर्डपासून काढलेला हॅश (गणिताने बनवलेला ठसा) पाठवतो. तो घरी नेऊन निवांतपणे फोडत बसता येते. पॅच लावून हे मिटत नाही. पासवर्ड लांब ठेवणे आणि ते पोर्ट झाकणे एवढेच हाती उरते. २०१७ मध्ये आयएलओ ४ मधली एक चूक उजेडात आली. वेब विनंतीबरोबर जाणाऱ्या एचटीटीपीच्या ‘कनेक्शन’ शीर्षकात इंग्रजी ‘ए’ हे अक्षर सलग २९ वेळा लिहून पाठवले की पासवर्डाविना प्रवेश. २०२१ मध्ये इराणच्या अम्नपरदाझ कंपनीने आयएलओमध्ये लपणारे आयएलओब्लीड हे रूटकिट (लपून ताबा ठेवणारे घातक सॉफ्टवेअर) शोधले. ते फर्मवेअर अपडेट होऊ देत नसे आणि ‘झाले’ असे खोटेच सांगत असे. संशय यायला एक जागा होती, ती म्हणजे आवृत्तीचा आकडा नवा पण लॉगिनचे पान जुन्या रूपातले. २०२५ मध्ये एएमआय कंपनीच्या मेगारॅक या बीएमसी फर्मवेअरमधल्या, दहापैकी दहा गुणांच्या गंभीर दोषाचा अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेने ‘प्रत्यक्ष गैरवापर होत असलेल्या’ दोषांच्या यादीत समावेश केला. बीएमसीचा दोष त्या यादीत येण्याची ती पहिलीच वेळ.

म्हणून बीएमसीचे पोर्ट वेगळ्या व्यवस्थापन नेटवर्कवर ठेवतात, थेट इंटरनेटवर कधीच नाही. मोह होतो तो केबल वाचवण्याचा. बहुतेक सर्व्हरमध्ये बीएमसीला मुख्य नेटवर्क पोर्टच वाटून घेता येतो, म्हणजे रॅकमागे एक केबल आणि स्विचचे एक पोर्ट कमी. पण मग मुख्य स्विच गेला की बीएमसीही त्याच्याबरोबर जातो, नेमका तेव्हाच जेव्हा तो हवा असतो. हे मोठ्यांनाही चुकत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले, तेव्हा मुख्य नेटवर्कबरोबर आपत्कालीन व्यवस्थापनाचे स्वतंत्र नेटवर्कही पोचेनासे झाल्याचे कंपनीने सांगितले, आणि अभियंत्यांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावे लागले. याउलट १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने विंडोज यंत्रे निळ्या स्क्रीनवर अडकली, तेव्हा बीएमसी असलेले सर्व्हर जागेवर न जाता सेफ मोडमध्ये नेता आले. टेबलावरच्या साध्या पीसींसाठी मात्र माणसांना मजले चढावे लागले. ज्या यंत्रात बीएमसी नाही त्याला बाहेरून आयपी-केव्हीएम, म्हणजे स्क्रीन, कीबोर्ड आणि माउस नेटवर्कवरून देणारे यंत्र, जोडता येतो. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर उभा केलेला पायकेव्हीएम हा त्याचा स्वस्तातला अवतार.

सर्व्हर हात बदलतो तेव्हा डिस्क पुसतात, बीएमसी विसरतात. जुन्या बाजारातून आलेल्या सर्व्हरचा बीएमसी पासवर्ड माहीत नसला तरी फारसे अडत नाही : त्यावर लिनक्स चढवून रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून आयपीएमआयटूल ही आज्ञा चालवली की आतल्या बाजूने, जुना पासवर्ड न विचारता, नवा घालता येतो. २०१९ मध्ये एक्लिप्सियम कंपनीच्या संशोधकांनी आयबीएमच्या क्लाउडमधून एक आख्खा सर्व्हर भाड्याने घेतला, बीएमसीच्या फर्मवेअरमध्ये एका बिटचा निरुपद्रवी बदल केला, एक जादा वापरकर्ता बनवला आणि सर्व्हर परत केला. पुढे तोच सर्व्हर त्यांनी पुन्हा मिळवला. जादा वापरकर्ता गेलेला होता. बदललेला बिट जागच्या जागी होता.