घार पिल्लं नेतेय? जाळी घ्यायच्या आधी हे वाचा

नमस्कार. आमच्याकडून गावठी पिल्लं, खाद्य, खुराडी नेणाऱ्या सगळ्यांसाठी हा कागद आहे. दिवाळी सरली की आम्हाला फोन चालू होतात, "दादा काल दोन पिल्लं गेली, आज एक गेलं, जाळी काय फूट देता?" आणि आम्ही आधी उलट विचारतो की गेलं कधी, दिवसा का रात्री, आणि मागे काय राहिलं. कारण बऱ्याचदा नेणारी घार नसतेच, मग वरून जाळी टाकली तरी पिल्लं जायची थांबत नाहीत, तुमचे पैसे जातात आणि आम्हालाही वाईट वाटतं.

कोण नेतंय ते आधी बघा

घार दिवसाच येते. तपकिरी रंग, शेपटीच्या टोकाला मधोमध खाच, आणि शीळ घातल्यासारखा लांब थरथरता आवाज. ऊन तापायला लागलं की ती वर चढते, गोल गोल फिरत राहते आणि झेप घेतली की पिल्लू पायात धरून न थांबता निघून जाते, खाली रक्त नाही, पिसं नाहीत, कोंबडी मात्र ओरडून ओरडून परडं (घरामागचं अंगण) डोक्यावर घेते आणि मोजलं की एक कमी. घारीचं स्वतःचं वजन एक किलोच्या आतच असतं, त्यामुळे सव्वा-दीड किलोची वाढलेली गावठी कोंबडी ती उचलू शकत नाही. मोठी कोंबडी गेली असेल तर घारीच्या नावाने बोटं मोडू नका, दुसरीकडे शोधा.

शिक्रा घारीपेक्षा बराच लहान, कबुतराएवढा. नर पाठीवर राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, डोळे लालसर. हा आकाशात घिरट्या घालत बसत नाही, आंब्या-फणसाच्या फांदीत गुपचूप बसतो आणि गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आडून जमिनीलगत असा सुटतो की आपल्याला कळायच्या आत काम झालेलं असतं. छोटी पिल्लंच नेतो, आणि जवळच कुठेतरी बसून पिसं उपटून खातो, म्हणजे झाडाखाली बारीक पिसांचा ढीग दिसला तर समजायचं शिक्रा. एक गोष्ट मात्र सांगावीशी वाटते, पावशा नावाचा पक्षी दिसायला हुबेहूब शिक्र्यासारखा असतो, तोच तो पावसाच्या तोंडाला "पेरते व्हा, पेरते व्हा" ओरडणारा. तो अळ्या-किडे खातो, तुमच्या पिल्लाला काहीही करत नाही, त्याला दगड मारू नका.

सह्याद्रीच्या कुशीत, जंगलाला लागून घर असेल तर डोक्यावर शेंडी असलेला मोठा गरुड येऊ शकतो, मोरघार म्हणतात त्याला. तो मोठी कोंबडीसुद्धा मारतो. पण असे फोन आम्हाला क्वचितच येतात.

कावळ्याला कोणी शिकारी धरत नाही, पण अंडी आणि पहिल्या तीन-चार दिवसांतली पिल्लं तो नेतो. दिवसा मान चावलेली, रक्ताने भरलेली कोंबडी तिथेच पडलेली सापडली तर बहुतेक मुंगूस. रात्री गेलं असेल तर रानमांजर, उदमांजर, आणि खुराड्याची जमीन उकरलेली असेल तर घूस पण बघा. नुसतीच अंडी जात असतील तर धामण, नाग नाहीतर घोरपड. कावळा सोडला तर यातल्या कुठल्याच गोष्टीवर वरची जाळी हा उपाय नाही, तिथे खुराड्याचा दरवाजा, कडी आणि तळ मजबूत लागतो.

रात्री कौलांवर पिंगळा ओरडला म्हणून तोच पिल्लं नेतो असं कितीतरी जण म्हणतात. पिंगळा किडे आणि उंदरं खाऊन जगतो. कापशी हवेत एका जागी फडफडत उभी राहते ना, पांढरी राखाडी, ती पण मुख्यतः उंदरांवर. गव्हाणी घुबड तर तुमच्या खाद्याच्या पोत्यावरचे उंदीर कमी करतं, ते राहू देत.

पहिले आठ आठवडे

खरी काळजी आहे ती एवढ्याच दिवसांची. थंडीत कोंबड्या खुडुक होऊन अंड्यांवर बसतात, २१ दिवसांनी पिल्लं निघतात, आणि नेमकं त्याच सुमाराला, जानेवारीपासून उन्हाळ्यापर्यंत, घारीच्याही घरट्यात तिची पिल्लं असतात. "घार हिंडते आकाशी, चित्त तिचे पिलापाशी" हे आपण लहानपणापासून ऐकतो, त्यातली घार हिंडते ती आपल्या पिल्लांसाठी खाणं शोधायला. भर पावसात कोकणात घारी कमी दिसतात, सप्टेंबर-ऑक्टोबरला परत येतात, म्हणून पावसाळ्यात "आमच्याकडे घारीचा त्रासच नाही" म्हणणारी माणसं डिसेंबरला आमच्या दारात उभी असतात.

निघालेलं पिल्लू ३०-३५ ग्रॅमचं असतं, ते घारीला काय, कावळ्यालाही जड नाही. दोन महिन्यांनी गावठी पिल्लू चांगलं वाढतं, पळायला शिकतं, आईचा आणि कोंबड्याचा इशारा समजायला लागतं. म्हणून आम्ही सांगतो की आठ आठवडे उघड्या आकाशाखाली पिल्लं मोकळी सोडायचीच नाहीत, त्यानंतर बऱ्यापैकी निर्धास्त.

यासाठी सगळ्यात स्वस्त वस्तू तुमच्या आजीकडे होतीच, डालगं, म्हणजे मोठी विणलेली टोपली. बांबूचं उलटं डालगं, खाली कोंबडी आणि पिल्लं, वर एक दगड. आजही पहिल्या दहा-बारा दिवसांसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त एप्रिल-मे मध्ये ते उन्हात ठेवू नका, सावली सरकते तसं डालगं सरकवा, आणि पाण्याचं भांडं उथळ ठेवा कारण पिल्लं पाण्यात बुडून मरतात, घारीपेक्षा जास्त मरतात कधी कधी.

पिल्लं डालग्यात मावेनाशी झाली की उचलता येणारा पिंजरा. ६ फूट बाय ४ फूट, दोन फूट उंच, बांबूची किंवा पीव्हीसी पाइपची चौकट, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, तळ उघडा. एक कोंबडी आणि दहा-बारा पिल्लं आरामात राहतात, रोज सकाळी जागा बदलायची म्हणजे त्यांना नवीन गवत, किडे मिळतात आणि विष्ठा एका जागी साचत नाही. हा आम्ही बनवून देतो, पण घरी बांबू असेल आणि हात चालत असेल तर स्वतः करा, त्याचं मोजमाप आम्ही फुकट देतो. संध्याकाळी मात्र सगळ्यांना खुराड्यात घ्यायचं, उघड्या तळाच्या पिंजऱ्यात रात्र काढायची नाही.

आडोसा

मोठ्या कोंबड्यांसाठी पूर्ण परडं जाळीने झाकायची गरज नसते हे आम्ही जाळी विकणारे असूनही सांगतो. कोंबडीला धोका दिसला की पळून शिरायला जागा हवी, बस. मोकळं, झाडून स्वच्छ केलेलं मोठं अंगण दिसायला छान पण कोंबडीसाठी वाईट. दहा-पंधरा पावलांवर एक आडोसा असा विचार करा, जास्वंदीचं कुंपण, केळीचं बन, अडुळसा, आणि सगळ्यात भारी म्हणजे मांडव. चार बांबू रोवून त्यावर दोडका, कारलं, घेवडा चढवा, खाली सावली, वर भाजी, आणि घारीला वरून काही दिसत नाही. वेल चढेपर्यंत झावळ्या टाका. पाण्याची आणि खाद्याची भांडी कायम या मांडवाखालीच.

एक चांगला कोंबडा ठेवा. आकाशात घार दिसली की तो एक लांब बारीक आवाज काढतो आणि सगळ्या कोंबड्या आडोशाला धावतात नाहीतर जागच्या जागी दबून बसतात, कुत्रा-मांजर आलं तर आवाज वेगळा, कॉक कॉक कॉक असा तुटक. आठवडाभर लक्ष देऊन ऐका, तुम्हालासुद्धा स्वयंपाकघरातून कळायला लागेल की बाहेर काय आलंय. तारेवर बसणारा कोतवाल पण आपलाच माणूस समजा. केवढासा पक्षी, पण घरट्याजवळ आलेल्या घारीला, कावळ्याला टोचून टोचून हाकलतो. त्याचं घरटं असलेलं झाड निदान तेवढ्या महिन्यात तोडू नका.

जाळी घ्यायचीच असेल तर

नुसत्या घारीसाठी २ इंची भोक चालतं, कावळे आणि छोटी पिल्लं असतील तर १ इंची घ्या. उन्हात टिकणारी नायलॉन घ्या, साधी स्वस्तातली एका उन्हाळ्यात कुजते. उंची ६-७ फूट ठेवा म्हणजे वाकून झाडलोट करावी लागत नाही. आणि माडाखाली जाळी बांधू नका, झावळ पडली की फाटते, नारळ पडला तर बघायलाच नको. पावसाच्या आधी वरचा पालापाचोळा काढा, शेडनेट असेल तर उतार द्या नाहीतर पाणी साठून अख्खा सांगाडा खाली येतो. किनाऱ्यावरच्या लोकांनी कोळ्यांकडची जुनी मासेमारीची जाळी वापरली तरी चालते, पण खूप बारीक धाग्याची नको.

बारीक धागा आणि ढिली जाळी याबद्दल जरा मनापासून सांगतो. धंदा सुरू केला त्या पहिल्या वर्षी आमच्याच परड्यात आम्ही जाळी घाईत ढिली टाकली, कडेला झोळ राहिला, आणि एका सकाळी त्यात भारद्वाज अडकून मेलेला सापडला. रात्रभर धडपडला असणार. चूक पूर्ण आमची होती. तेव्हापासून जाळी आम्ही खाली जीआय तार (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार) ओढून, ताणूनच बांधतो, हात ठेवला तर ढोलासारखी लागली पाहिजे, आणि रोज सकाळी एक चक्कर मारायला सांगतो.

पक्षी अडकलाच तर ओढू नका. जाड टॉवेल टाकून डोकं झाका, अंधार झाला की तो शांत होतो, मग कात्रीने जाळी कापा, नखांपासून हात लांब. तोंडात पाणी ओतू नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवून वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.

गलोल, फासे, विष घातलेलं मटण असलं काही विचारायला आमच्याकडे कृपया येऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, त्यात या पक्ष्यांना मारणं गुन्हा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी विष खाल्लेला उंदीर, तो खाणारं मांजर, शेजाऱ्याचा कुत्रा, हे कुठे थांबत नाही.

जुन्या सीडी, चमकीच्या पट्ट्या, बुजगावणं याबद्दल पण लोक विचारतात. चालतं, पण थोडे दिवस. पक्ष्यांना कळतं की हे काही करत नाही. पिल्लं निघाली त्याच आठवड्यात लावा, दोन-तीन दिवसांनी जागा बदला, काम झालं की काढून ठेवा. वर्षभर टांगून ठेवलेल्या सीडीवर कावळा बसलेला आम्ही पाहिलाय.

आणि ही गोष्ट फुकटातली आहे पण सगळ्यात जास्त फरक पडतो. मागल्या दारी मासे साफ केले की खवले-आतडी तिथेच, रविवारी कोंबडी कापली की आतला कचरा गडग्यापलीकडे, असं चालू असेल तर घारीला तुम्हीच रोज बोलावताय. ती तो कचरा खायला येते, आणि आली की पिल्लं दिसतात. दीड-दोन फूट खड्डा करून पुरा, वर दगड ठेवा.

मेलेला कावळा किंवा घार परड्यात सापडली तर हात लावू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याला बर्ड फ्लू असू शकतो, आणि २००६ साली नंदुरबारमधल्या नवापूरला तो आला तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, हे कोंबडीवाल्यांना माहितीये. पाण्याची भांडी छपराखाली ठेवायला सांगतो त्याचं एक कारण हे पण आहे, वरून विष्ठा पडायला नको.

दुकानात येताना परड्याचे दोन-तीन फोटो, लांबी-रुंदी, वर माड किती आहेत, पिल्लं किती दिवसांची आणि आत्तापर्यंत किती गेली ते लिहून आणा. फोटो बघून नुसतं डालग्यावर भागत असेल तर आम्ही तेच देऊ.