‘निर्जंतुक’ या शब्दाचा गुंता : शुश्रूषेतील संसर्ग-नियंत्रणाची पार्श्वभूमी

व्हिएन्नातील प्रसूतिगृहात १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त चुन्याच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती झाली आणि काही आठवड्यांतच बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले, हा इतिहास बहुतेकांनी वाचलेला असतो. त्यातील एक तपशील मात्र शुश्रूषेच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. त्या प्रसूतिगृहाचे दोन विभाग होते. एकात वैद्यकीय विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत, आणि सुईणींच्या विभागातील मृत्यू ही सक्ती येण्यापूर्वीपासूनच पुष्कळ कमी होते, कारण शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येण्याचा प्रसंग त्यांच्यावर येत नसे.

पुढचे टप्पे थोडक्यात सांगता येतात. १८६७ मध्ये कार्बोलिक आम्लाचा वापर जाहीर झाला, तेव्हा जखमेत शिरलेले जंतू मारणे हा हेतू होता. १८८० च्या दशकात वाफेने उपकरणे निर्जंतुक करणे रूढ होऊ लागले, तसा जंतू जखमेपर्यंत पोहोचूच न देणे हा हेतू पुढे आला. १८९० च्या सुमारास बाल्टिमोर येथे शस्त्रक्रियागृहात रबरी हातमोजे आले, तेही रुग्णासाठी नव्हे. उपकरणे हाती देणाऱ्या परिचारिकेच्या हातांना जंतुनाशक द्रावणातील पाऱ्याच्या क्षाराने पुरळ उठत असे, म्हणून ते खास बनवून घेतले होते. रुग्णाला त्यांचा लाभ होतो, हे नंतर उमगले.

या साऱ्या वाटचालीत एक शब्द जो गुंतला, तो आजही सुटलेला नाही, म्हणून त्याच्यापाशी थोडे थांबणे आवश्यक आहे. मराठीत आपण तीन वेगळ्या गोष्टींना सर्रास ‘निर्जंतुक’ म्हणतो. पहिली गोष्ट म्हणजे बीजाणूंसह (काही जंतूंची उष्णता व रसायनांना दाद न देणारी सुप्त रूपे) सर्व सूक्ष्मजीव नष्ट करणे, जसे ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसच्या दाबयुक्त वाफेने होते. दुसरी म्हणजे बहुतेक रोगकारक जंतू मारणे, ज्यात बीजाणू शिल्लक राहू शकतात. हायपोक्लोराइटने (क्लोरीनयुक्त जंतुनाशकाने) फरशी पुसणे किंवा स्पिरिटने त्वचा पुसणे या प्रकारात येते. तिसरी गोष्ट या दोन्हींहून निराळी आहे. तिला असेप्टिक तंत्र म्हणतात, आणि तिच्यात काही मारण्यापेक्षा हाताळणीला महत्त्व असते : रोगकारक जंतू संसर्ग घडवण्याइतक्या संख्येने शरीरातील असुरक्षित जागेपर्यंत जाऊ नयेत, अशा रीतीने काम करणे. कोविडच्या काळात गाड्या, रस्ते, इमारती ‘निर्जंतुक’ केल्याच्या बातम्या रोज छापून येत होत्या आणि त्यात फार तर दुसऱ्या अर्थाचे काम होत होते. वाचकाला हा फरक क्षुल्लक वाटेल, परंतु रुग्णाच्या खाटेपाशी तो क्षुल्लक राहत नाही.

मानवी त्वचा पहिल्या अर्थाने निर्जंतुक होऊच शकत नाही. हात कितीही घासले तरी त्वचेच्या खोल थरांतले जंतू उरतात. वॉर्डमधील हवा, पलंग, चादर यांचेही तेच. असे असताना कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावताना किंवा जखमेचे ड्रेसिंग करताना ‘निर्जंतुक पद्धत पाळा’ असे सांगणे म्हणजे जे शक्य नाही त्याची आज्ञा देणे होय. जुन्या पद्धतीत ट्रॉली पुसणे, ड्रमचे (निर्जंतुक गॉज ठेवलेल्या धातूच्या डब्याचे) झाकण उघडणे, चिमट्याने चिमट्याकडे गॉज देणे असा क्रम पाठ करून घेतला जाई. त्या शिस्तीबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण तीत क्रम पाळण्यावर जेवढा भर होता तेवढा तो क्रम नेमके काय राखण्यासाठी आहे यावर नव्हता, असे माझे मत आहे. १९९० च्या दशकात ब्रिटनमध्ये जे ‘स्पर्श टाळण्याचे तंत्र’ आकाराला आले, त्याने हा प्रश्न सरळ विचारला. सिरिंजचे टोक, सुई, कॅन्युलाचे तोंड, कॅथेटरचे आत जाणारे टोक हे मुख्य भाग. जखम व टोचण्याची जागा या मुख्य जागा. मुख्य भागाला मुख्य जागेखेरीज किंवा दुसऱ्या मुख्य भागाखेरीज कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. स्पर्श टाळता येत असेल तर साधे हातमोजे पुरतात. टाळता येत नसेल तर निर्जंतुक हातमोजे अनिवार्य. दीर्घकालीन जखमांच्या ड्रेसिंगला यांपैकी कोणती काळजी लागते, की केवळ ‘स्वच्छ पद्धत’ चालते, यावरचा वाद मात्र मिटलेला नाही.

१९५० च्या दशकात पेनिसिलिनला न जुमानणाऱ्या स्टॅफिलोकॉकस या जंतूने रुग्णालयांत थैमान घातले. या पार्श्वभूमीवर १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये केवळ संसर्ग-नियंत्रणासाठी परिचारिकेचे पद निर्माण झाले. दोनच वर्षांनी मेथिसिलिन या नव्या प्रतिजैविकालाही दाद न देणारे जंतू सापडले. पुढे अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने १९८५ मध्ये दाखवून दिले, की संसर्गांवर सतत पाळत ठेवणारी यंत्रणा आणि दर २५० खाटांमागे एक प्रशिक्षित परिचारिका असेल, तर सुमारे एक-तृतीयांश संसर्ग टळू शकतात. प्रतिजैविकांच्या शोधांना मिळालेली प्रसिद्धी या निष्कर्षाला कधी मिळाली नाही.

त्याच सुमारास एचआयव्हीमुळे दिशा पुन्हा बदलली. १९८५ पासून प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य समजून वागण्याचा दंडक आला. १९९६ मध्ये त्याची व्याप्ती वाढवून घाम वगळता शरीरातील सर्व स्राव त्यात घेतले गेले. कर्मचाऱ्यांचे जीव वाचवणारा हा निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे हातमोजे मुख्यतः घालणाऱ्याच्या संरक्षणाची वस्तू बनले. तेच मोजे घालून एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाणे आणि मोजे काढल्यावर हात धुण्याचा विसर पडणे, या सवयी त्यातून वाढल्या.

मिशिगनमधील शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांत या शतकाच्या पहिल्या दशकात जे घडले, त्याला मी या इतिहासात सर्वांत वरचे स्थान देईन. मध्यवर्ती शिरेत नळी घालताना पाच गोष्टी पाळायच्या होत्या : हात धुणे, क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने त्वचा पुसणे, रुग्णाला पूर्ण आच्छादन घालून स्वतः टोपी, मास्क, गाऊन व निर्जंतुक हातमोजे वापरणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि नको असलेली नळी काढून टाकणे. यातले काहीही नवे नव्हते. नवे होते ते हे, की एखादी पायरी चुकली तर डॉक्टरांना थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला गेला. दर १,००० नळी-दिवसांमागे (एका रुग्णाला एक दिवस नळी असणे म्हणजे एक नळी-दिवस) २.७ असलेले रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत शून्यावर आले आणि दीड वर्षापर्यंत तसेच राहिले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शिकेत हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण निश्चित झाले. वॉर्डच्या भिंतींवर त्यांचे तक्ते आता सर्वत्र दिसतात. त्यांपैकी दुसरा क्षण पाळण्यासाठी अल्कोहोलयुक्त हँडरब खाटेपाशीच हवा, कारण रुग्णाला स्पर्श झाल्यानंतर आणि कॅन्युलाला हात लावण्यापूर्वी नळापर्यंत जाऊन येणे प्रत्यक्षात होत नाही. या क्षणाचे शीर्षक ‘स्वच्छ/असेप्टिक प्रक्रियेपूर्वी’ असे आहे, आणि त्या दोन शब्दांमध्ये आजही एक तिरकी रेघच आहे.