माइक ट्राउट: घसरण कुठून सुरू झाली आणि परतीची वाट किती उरली आहे

२०२१ ते २०२४ या चार हंगामांत अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधला लॉस एंजेलिस एंजल्स हा संघ ६४८ सामने खेळला. त्याचा सर्वांत मोठा खेळाडू माइक ट्राउट त्यांतल्या २६६ सामन्यांतच मैदानावर उतरला. २०२५ मध्ये तो १३० सामने खेळला, २६ होम रन (चेंडू थेट कुंपणापार धाडणारे फटके) मारले, पण फलंदाजीची सरासरी, म्हणजे फलंदाजीच्या खेपांमागे हिटचं प्रमाण, ०.२३२ पर्यंत खाली आली. त्यामुळे प्रश्न आता वेगळा झाला आहे. आधी तब्येत साथ देत नव्हती. तब्येतीने थोडी साथ दिली, तर बॅट मागे पडल्यासारखी दिसते. चौतिशीतल्या खेळाडूच्या बाबतीत ही दोन दुखणी एकमेकांपासून वेगळी काढणं सोपं नसतं.

तो काय होता, हे लक्षात घेतल्याशिवाय ही हळहळ समजत नाही. ट्राउट न्यू जर्सीतल्या मिलव्हिल या छोट्या गावचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडप्रक्रियेत, तो २५ व्या क्रमांकावर निवडला गेला. त्याच्या अगोदरची, २४ वी निवडही एंजल्सचीच होती आणि तिथे त्यांनी दुसराच मुलगा घेतला होता. २०१२ मध्ये वयाची विशी पार करतानाच त्याने ३० होम रन मारले, ४९ बेस चोरले (म्हणजे फटका न लागताच धावून पुढचा थांबा गाठला) आणि एकमताने सर्वोत्कृष्ट नवोदित ठरला. २०१२ ते २०१९ या आठ हंगामांत तो मेजर लीगच्या दोन गटांपैकी अमेरिकन लीगच्या एमव्हीपीच्या (सर्वांत मौल्यवान खेळाडूच्या) मतदानात तीनदा पहिला आला (२०१४, २०१६, २०१९), चारदा दुसरा आणि एकदा चौथा. सेंटर फिल्डला, म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात, धावत जाऊन कुंपणावरून झेल ओढून आणायचा, वाईट चेंडू सोडून द्यायचा, चांगला चेंडू मैदानाबाहेर पाठवायचा. इतकं सगळं एकाच माणसात क्वचित सापडतं.

२०१९ च्या वसंतात एंजल्सने त्याच्याशी १२ वर्षांचा, ४२ कोटी ६५ लाख डॉलरचा करार केला. तो २०३० पर्यंत चालेल. आज या करारावर बोट ठेवणारे पुष्कळ आहेत, पण त्या दिवशी तो कुणाला अवाजवी वाटला असेल असं मला वाटत नाही.

मात्र त्याच्या पायांनी तेव्हाच इशारा दिला होता. २०१८ मध्ये त्याने २४ बेस चोरले, २०१९ मध्ये ११, २०२० च्या छोट्या हंगामात एक आणि २०२२ च्या अख्ख्या हंगामातही एकच. २०१९ च्या अखेरीस उजव्या पायाच्या नसेवर शस्त्रक्रिया झाली. एमव्हीपी मिळाला खरा, पण त्या हंगामाचा शेवट त्याला बाहेर बसूनच पाहावा लागला. त्याआधी २०१७ मध्ये बेसवर झेप घेताना डाव्या अंगठ्याचा अस्थिबंध फाटला होता. ती दुखापत अपघाती होती, भरून आली आणि पुढच्या वर्षी त्याने कारकिर्दीतल्या सर्वोत्तम हंगामांपैकी एक खेळला. नंतरच्या दुखापतींचं तसं झालं नाही.

मे २०२१ मध्ये, सरासरी ०.३३३ असताना, बेसवर पळताना पोटरीचा स्नायू दुखावला. संघाने सुरुवातीला सहा ते आठ आठवडे सांगितले, पण तो त्या हंगामात परतलाच नाही. २०२२ मध्ये पाठीचं दुखणं निघालं, बरगडी कण्याला जुळते त्या सांध्याचं. हे कारकीर्दभर सांभाळावं लागेल असं संघाच्या फिजिओकडून सांगितलं गेलं. तरीही त्या वर्षी ११९ सामन्यांत ४० होम रन आले आणि सप्टेंबरमध्ये सलग सात सामन्यांत होम रन मारून तो विक्रमापासून फक्त एक पाऊल दूर राहिला. २०२३ च्या जुलैमध्ये सॅन दिएगोत बॅट फिरवताना डाव्या हातातलं हॅमेट नावाचं छोटं हाड मोडलं. ऑगस्टमध्ये तो एका सामन्यापुरता परतला आणि वेदनेमुळे पुन्हा बाहेर गेला.

२०२४ ची गोष्ट सर्वांत जिवाला लागणारी. त्या वर्षी त्याने पुन्हा पळायचं ठरवलं होतं: २९ सामन्यांत १० होम रन आणि सहा बेस. एप्रिलच्या अखेरीस डाव्या गुडघ्याची कूर्चा फाटल्याचं निष्पन्न झालं, शस्त्रक्रिया झाली. जुलैमध्ये सॉल्ट लेकमधल्या सरावाच्या सामन्यात तो दोन डावांनंतर बाहेर आला आणि त्याच गुडघ्याची कूर्चा पुन्हा फाटल्याचं समजलं. एंजल्स त्या वर्षी ९९ सामने हरले.

संघाचा उल्लेख इथे टाळता येत नाही. ट्राउट प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरची बाद फेरी, फक्त एकदाच खेळला, २०१४ मध्ये. कॅन्सस सिटीने तीन सामन्यांतच विषय संपवला आणि त्याला १२ खेपांत एकच हिट मिळाला. २०१६ पासून २०२५ पर्यंत दरवर्षी एंजल्सच्या विजयांपेक्षा पराभव जास्त. शोहेई ओतानीसारखा जपानी तारा सोबत असतानाही त्यात फरक पडला नाही, आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये ओतानीने लॉस एंजेलिसच्याच डॉजर्स संघाची वाट धरली. अव्वल खेळाडूला धावपळीच्या जागेवरून वेळीच हलवणं, त्याला विश्रांती देणं, हे चांगल्या खेळाडूंनी भरलेल्या संघाला जमतं. एंजल्सकडे त्याच्या तोडीचा दुसरा माणूसच नव्हता. माझ्या मते त्याची काही वर्षं इथेच खर्च झाली.

२०२५ साठी त्याला सेंटरऐवजी राइट फिल्डला आणलं गेलं. एप्रिलच्या शेवटी तोच गुडघा पुन्हा दुखला, महिनाभर विश्रांती घ्यावी लागली आणि परतल्यावर तो बहुतेक वेळ डेझिग्नेटेड हिटर (डीएच) म्हणून, म्हणजे क्षेत्ररक्षण न करता, खेळला. २० सप्टेंबरला डेन्व्हरमध्ये त्याने कारकिर्दीतला ४०० वा होम रन मारला. तो चेंडू ४८५ फूट गेला. मनगटातलं बळ ओसरलेलं नाही, याला याहून दुसरा पुरावा नको. नजरही शाबूत आहे, वॉक (चार वाईट चेंडू सोडल्यावर मिळणारा फुकटचा बेस) अजून भरपूर मिळतात. अडचण एका ठिकाणी आहे: त्या हंगामात साधारण दर तीन खेपांतली एक स्ट्राइकआउटमध्ये, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद होण्यात, गेली. पूर्वी ज्या वेगवान चेंडूंवर तो तुटून पडायचा, त्यांवर बॅट उशिरा येताना दिसली. खालचा भाग, म्हणजे कंबर आणि गुडघे, भक्कम नसले की फटक्याचा वेळ चुकतो. हे गुडघ्यामुळे असेल तर सुधारू शकतं. वयामुळे असेल तर फार नाही.

जुनी उदाहरणं दोन्ही बाजूंना बोट दाखवतात. एके काळचा असाच अव्वल सेंटर फिल्डर केन ग्रिफी ज्युनियर सिनसिनाटी संघात आल्यावर २००१ ते २००४ या चार वर्षांत ३१७ सामनेच खेळू शकला. २००५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्याने १२८ सामन्यांत ३५ होम रन मारले, नॅशनल लीगचा (मेजर लीगचा दुसरा गट) पुनरागमनाचा पुरस्कार मिळवला आणि पुढे सेंटर सोडून राइट फिल्ड धरली. दुसरं उदाहरण ट्राउटच्याच ड्रेसिंग रूममधलं. आल्बर्ट पूहोल्स एंजल्सकडे १० वर्षांच्या करारावर आला, पाय थकले, आकडे घसरत गेले आणि २०२१ मध्ये संघाने त्याला सोडून दिलं. पुढच्याच वर्षी सेंट लुईसमध्ये, निवडक सामने आणि निवडक गोलंदाज वाट्याला आल्यावर, बेचाळिसाव्या वर्षी त्याने २४ होम रन मारून ७०३ चा आकडा गाठला.

२०१२ चा ट्राउट परत येणार नाही, आणि त्याची वाट पाहणं त्याच्यावर अन्याय करण्यासारखं आहे. पण डीएचच्या जागेवर, आठवड्यातून एक-दोन दिवसांची विश्रांती घेऊन, सलग दोन हंगाम १२०-१३० सामने खेळता आले आणि स्ट्राइकआउट दर चार खेपांत एकापर्यंत खाली आले, तर वर्षाला ३० होम रन मारणारा फलंदाज आवाक्यात आहे. पाचशे होम रनचा टप्पाही मग २०३० च्या आत येतो. त्याच्या करारात बदलीला नकार देण्याचा पूर्ण हक्क आहे, त्यामुळे तो स्वतः मागत नाही तोवर हा प्रयत्न एंजल्सच्या अॅनाहाइममध्येच होईल. पहिली खूण एप्रिल-मेमध्ये दिसेल: वेगवान चेंडूवर बॅट वेळेवर येते की नाही, आणि बेसवर पळून आल्यावर दुसऱ्या दिवशी त्याचं नाव यादीत असतं की नाही.