सह्याद्रीतला वाघ आणि त्याचं सावज : थोडी पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोबाची एक वाघीण आणून सह्याद्रीतल्या चांदोलीच्या जंगलात सोडली, तेव्हा बहुतेक चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरली : ती गावात शिरेल का? शिराळा, पाटण, जावळीकडच्या माणसाला हा प्रश्न पडणं साहजिकच आहे. पण त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न साधा आहे. ती इथे खाणार काय? याचं उत्तर लागलं की पहिल्याचंही बरंचसं लागतं. आणि हा खाण्याचा प्रश्न वाघीण आल्यावर उभा राहिलेला नाही, त्याला शे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

वाघ ससे-कोंबड्यांवर जगत नाही. मिळाला तर मोर खाईल, वानर खाईल, पण त्याचा संसार चालतो तो खुरवाल्या मोठ्या जनावरांवर. कर्नाटकातल्या नागरहोळेत वन्यजीव अभ्यासक उल्हास कारंत आणि मेल सनक्विस्ट यांनी वाघ, बिबट्या आणि रानकुत्रे यांच्या सावजाचा अभ्यास केला. विष्ठेतले केस तपासले, मारलेली जनावरं हुडकली. १९९५ मध्ये ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वाघाच्या सावजाचं सरासरी वजन ९० किलोच्या आसपास भरलं, बिबट्याचं आणि रानकुत्र्यांचं ४० किलोच्या आसपास. तिघं एकाच रानात राहतात, पण एकाच जनावरावर तुटून पडत नाहीत.

वाघाचा हिशेब असा : आठवड्याला साधारण एक मोठं जनावर, म्हणजे वर्षाला पन्नासच्या आसपास. रानातल्या कळपांपैकी वर्षाला दहा टक्के उचलले तर कळप टिकतात, असं धरलं तर एका वाघामागे सुमारे ५०० खुरवाली जनावरं जंगलात कायम हवीत. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता शिकार. वाघ पाठलाग करणारा प्राणी नाही. चित्त्याची धाव त्याच्याकडे नाही आणि रानकुत्र्यांची चिकाटीही नाही. तो आडोशाआडोशाने, पोट जमिनीला टेकवत सरकतो आणि वीसेक मीटरच्या आत पोचला तरच झेपावतो. पहिल्या काही उड्यांत जमलं नाही तर बहुतेक वेळा सोडून देतो. प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६३ ते १९६५ या काळात मध्य प्रदेशातल्या कान्हात वाघांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांचा अंदाज होता की वीस प्रयत्नांत एखादा साधतो. जंगलाचा राजा वगैरे ठीक आहे, पण हा राजा बहुतेक रात्री उपाशीच परततो.

सावज लहान असलं, भेकर किंवा पाडस, तर मानेच्या मागच्या बाजूला एक चावा पुरतो. सुळे मणक्यांमध्ये घुसतात आणि काम संपतं. सांबराचा नर मात्र दोनशे-अडीचशे किलोंचा, म्हणजे जवळपास वाघाच्याच वजनाचा किंवा जास्त. तिथे वाघ पुढचे पंजे खांद्यावर, पाठीवर रोवतो, अंगाचं सगळं वजन टाकून जनावराला आडवं पाडतो आणि खालून नरडं पकडतो. नरडंच का, हे नीट पाहिलं की कळतं. गळा धरून डोकं जमिनीला दाबलं की शिंगं निकामी होतात, आणि वाघ पाठीच्या बाजूला राहिला तर झाडलेल्या लाथा हवेत जातात. मग तो फक्त धरून ठेवतो. श्वास कोंडून जनावर मरायला काही मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ जबडा ढिला सोडायचा नसतो. एक लाथ बरगडीत बसली किंवा एक सुळा तुटला तर पुढची शिकार अवघड. वाघ मोडका असला की त्याला गुराढोरांची आठवण होते.

पंजे धरायला आणि दात मारायला, अशी ही कामाची वाटणी. जुलै २०२४ मध्ये लंडनहून आलेली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात बघायला रांगा लागल्या होत्या. साताऱ्यात कंपनी सरकारचा रेसिडेंट (प्रतिनिधी) असलेल्या ग्रँट डफकडे एके काळी असलेली ती वाघनखं. ती जिवंत वाघाच्या पंजात असती तर त्यांचं काम फाडण्यापेक्षा अडकवून धरण्याचं जास्त असतं, हे त्या रांगेत कुणी सांगत नव्हतं. असो.

गवा हे प्रकरण वेगळं. पूर्ण वाढलेला नर ८०० किलोंच्या पुढे जातो, खांद्याशी माणसाएवढा उंच. वाघाच्या चौपट वजन. अशा जनावराचा गळा समोरून धरायला जाणं म्हणजे मरण ओढवून घेणं. वाघ बहुधा वासरं, अर्धवट वाढलेले गवे किंवा कळपापासून फुटलेलं जनावर निवडतो. मोठ्या गव्यावर गेलाच तर मागून किंवा बाजूने, कधी मागच्या पायाची शीर तोडून त्याला बसवतो. नागरहोळेत वाघांनी पूर्ण वाढलेले गवे मारल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे हे होऊ शकतं. पण उलटही होतं, गव्याच्या शिंगाने वाघ मेल्याच्याही नोंदी आहेत.

जनावर पडल्यावर वाघ ते ओढत दाट झाडीत नेतो. खायला सुरुवात मागच्या मांड्यांपासून करतो, कोथळा बाजूला काढून टाकतो. एका बैठकीत वीसेक किलो मांस संपवतो, पाणी पितो, जवळच पडून राहतो, आणि तीन-चार दिवस तिथेच परत परत येतो.

याच सवयीने त्याचा घात केला. एवढं मोठं जनावर एका दमात संपत नाही, म्हणून वाघ मढ्यावर परत येतो. शिकाऱ्याला एवढंच माहीत असावं लागायचं. रेडकू बांधायचं, वाघाने ते मारलं की जवळच्या झाडावर मचाण बांधायचं आणि संध्याकाळी बंदूक घेऊन बसायचं. इंग्रज अमदानीत वाघ मारला की सरकारी बक्षीस मिळायचं. ज्याची म्हैस गेली तो गरीब माणूस बंदूक कुठून आणणार? तो मढ्यात विष घालायचा. विषाने वाघीण आणि तिच्या मागे फिरणारी पिल्लं एकदमच जायची. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यांना यासाठी दोष देण्यात अर्थ नाही. दुभती म्हैस म्हणजे त्या घराचं वर्षाचं उत्पन्न, आणि तेव्हा पंचनामा, नुकसानभरपाई असलं काही नव्हतं.

दुसरीकडे सावजही संपत चाललं होतं. सांबर, रानडुक्कर, भेकर यांची शिकार गावोगाव चालायची. गव्यांना गुरांकडून बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा साथीचा रोग, लागायची. १९६८ च्या सुमारास बंडीपूर-मुदुमलाई पट्ट्यात या साथीने गव्यांचे कळप साफ केले होते. हा रोग जगातून संपल्याचं जाहीर व्हायला २०११ साल उजाडलं. वाघाच्या शिकारीवर बंदी आली, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्रात त्याचा पहिला मान मेळघाटाला मिळाला. आपल्याकडचं रान तेव्हा या नकाशात नव्हतंच.

आपल्याकडे तेव्हा धरणं होत होती. कोयनेच्या शिवसागराने आणि पुढे वारणेवरच्या वसंतसागराने खोऱ्यातली तळची, सपाट, पाण्याजवळची जमीन घेतली. सांबर-चितळांना चरायला अशीच जमीन लागते. वर उरले ते उभे उतार, कारवीची जाळी आणि उघडे सडे, म्हणजे माथ्यावरची खडकाळ पठारं. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली, २००४ मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. क्षेत्र सुमारे ११६५ चौरस किलोमीटर, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांत पसरलेलं.

धरणांपायी आणि अभयारण्यांपायी गावं उठली, ती माणसं कुठे कुठे जाऊन वसली, आणि त्यांचे जमिनीचे प्रश्न बऱ्याच ठिकाणी अजून मिटलेले नाहीत. त्यावर वेगळं लिहायला हवं. इथे मुद्द्यापुरतं एवढंच की झोळंबीसारख्या उठलेल्या गावांच्या पडीक खाचरांत गवत आलं आणि गवे तिथे चरायला उतरू लागले. मात्र ते रान मोकळं सोडलं तर काही वर्षांत झुडपांनी भरून जातं. कुरण राखावं लागतं.

वाघ मात्र टिकत नव्हता. प्रकल्प जाहीर झाल्यावर मे २०१८ मध्ये चांदोलीत कॅमेऱ्यासमोर एक वाघ आला, पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये एक दिसला. दक्षिणेकडून, राधानगरी-तिलारीच्या पट्ट्यातून, गोवा-कर्नाटकच्या जंगलांकडून नर वर सरकतात. माद्या इतक्या लांब सहसा जात नाहीत. वाघिणी आणाव्या लागल्या त्या यासाठी.

माझ्या मते खरी मेख मधल्या आकाराच्या सावजात आहे. इथे गवे चांगले आहेत, पण गवा म्हणजे प्रत्येक वेळी जिवाचा जुगार. भेकर आणि पिसोरी ही छोटी हरणं आहेत, पण वीस किलोंचं भेकर म्हणजे वाघाचा एक नाश्ता. या दोघांच्या मधलं जे हवं, ५० ते २०० किलोंचं, म्हणजे सांबर, चितळ, रानडुक्कर, ते भरपूर असल्याशिवाय पिल्लांना घेऊन वाघीण स्थिर होणार नाही. चितळ तर मुळात या रानाचा नव्हेच. त्याला उघडी, सपाट, बेताच्या पावसाची जंगलं मानवतात, आणि कोयनेजवळच्या नवजापासून महाबळेश्वरपर्यंतच्या पट्ट्यात वर्षाला ५००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. तरीही सांगली जिल्ह्यातल्या सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून चांदोलीत कुंपणाआड वाढवण्याचा खटाटोप चालला आहे. मला तो अर्धाच पटतो. कुंपणातून बाहेर आलेलं चितळ वाघाआधी बिबट्याच्या आणि रानकुत्र्यांच्या तोंडी जाणार, कारण ४०-५० किलोंचं सावज हे त्यांचंच ताट आहे. सांबर मात्र या डोंगरातलाच. उभा उतार, दाट झाडी, मुसळधार पाऊस, सगळं त्याला चालतं.

एकूण आठ वाघ आणायची परवानगी आहे, तीन नर आणि पाच माद्या. मघाचा ५०० चा आकडा धरला तर फक्त या आठांसाठी ४००० खुरवाली जनावरं झाली, पिल्लं अजून मोजलेलीच नाहीत. आणि सांबराची मादी आठ महिने गाभण राहून एका वेळी एकच पाडस देते.