कर्मचाऱ्यांचे स्वास्थ्य मोजता मोजता नाती कुठे राहिली?

कामाच्या ठिकाणच्या स्वास्थ्याबद्दल हल्ली इतके बोलले जाते की हा विषय कालपरवाच जन्माला आला असे वाटावे. एचआरचे सर्व्हे, ध्यानधारणेची ॲप्स, ‘आज कसे वाटते आहे?’ असे विचारणारे सोमवारचे मेल, या सगळ्यामागे शंभरेक वर्षांचे संशोधन आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. माणूस कामावर तगतो की खचतो हे बरेचसे त्याच्या आजूबाजूच्या माणसांवर ठरते, हे प्रत्येक पिढीतल्या संशोधकांना नव्याने कळले. मात्र मोजायची वेळ आली की प्रश्नावली दर वेळी एकेकट्या कर्मचाऱ्यापुढेच ठेवली गेली.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यातले १९२४ ते १९३२ या काळातले प्रयोग व्यवस्थापनाच्या प्रत्येक अभ्यासक्रमात असतात, म्हणून दिवे कमी-जास्त केले तरी उत्पादन वाढतच गेले ही गोष्ट इथे रंगवून सांगत बसत नाही. तिच्यावरची टीकाही जुनीच आहे. वेगळ्या खोलीत बसून टेलिफोनचे ‘रिले’ नावाचे सुटे भाग जोडणाऱ्या पाच जणींपैकी दोघी फार बोलतात, सहकार्य करत नाहीत, म्हणून १९२८च्या सुरुवातीला त्यांना खोलीबाहेर काढून दुसऱ्या दोघी आणल्या होत्या. मग वाढलेल्या उत्पादनाचे श्रेय खेळीमेळीच्या वातावरणाला किती द्यायचे? प्रकाशयोजनेच्या प्रयोगांची मूळ आकडेवारी तर नष्ट झाली असेच मानले जात होते. ती सापडली आणि २०११ मध्ये तिची फेरतपासणी प्रसिद्ध झाली, तेव्हा पुस्तकांतून रंगवलेले ठळक चढउतार तीत नव्हतेच.

माझ्या मते त्या मालिकेतला खरा ऐवज शेवटच्या खोलीत आहे. १९३१-३२ मध्ये तिथे चौदा पुरुष तारा जोडण्याचे काम करत होते. पगार गटाच्या उत्पादनाशी बांधलेला होता, तरी दिवसाला किती काम करायचे हे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते. त्याहून जास्त करणाऱ्याच्या दंडावर गुद्दा बसे, आणि फार कमी करणाराही नजरेत खुपे. या माणसांचे एकमेकांशी संबंध घट्ट होते आणि त्या घट्टपणामुळेच उत्पादन अडत होते. ‘संबंध चांगले तर काम जास्त’ हे समीकरण जिथे जन्मले असे सांगतात, त्याच कारखान्यात ते मोडले होते. पुढच्या सगळ्या प्रचारात हा भाग मागे पडला.

युद्धानंतरच्या दोन नोंदी याच वळणावरच्या आहेत. इंग्लंडमधल्या कोळसा खाणींत यंत्रांबरोबर नवी पद्धत आली आणि स्वतःचे काम स्वतः वाटून घेणाऱ्या जुन्या छोट्या टोळ्या मोडल्या. १९५१च्या अभ्यासाने कामगारांचा ताण आणि गैरहजेरी यांचा धागा या मोडतोडीशी जोडला. हा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या गटातल्याच एका संशोधकाने १९५३ मध्ये अहमदाबादच्या एका कापडगिरणीत, स्वयंचलित मागांवर, एकेका कामापुरते विखुरलेले कामगार छोट्या गटांत बांधून पाहिले. तिथे उत्पादन वाढले आणि खराब कापडही कमी निघू लागले. दोन्ही ठिकाणी बदलायची गोष्ट होती ती कामाची मांडणी. माणसाच्या मनाला कोणी हात घातला नव्हता.

मग समाधानाच्या मोजमापाचे युग आले आणि गाडी रुळ बदलून गेली. पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीसांच्या मुलाखतींवर उभ्या राहिलेल्या १९५९च्या एका सिद्धांताने साहेबाशी आणि सहकाऱ्यांशी असलेले संबंध पगार आणि पंख्याच्या रांगेत नेऊन बसवले: नसले तर कुरकुर होते, असले म्हणून कुणाला हुरूप येत नाही. समाधानी माणूस जास्त काम करतो का, हा वाद तर पन्नास वर्षे चालला. १९८५च्या एकत्रित विश्लेषणात हा सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पुरता) ०.१७ निघाला, २००१च्या विश्लेषणात ०.३०. दोन्ही बाजूंनी आपापला आकडा भिंतीवर लावला.

१९७९ मध्ये आलेल्या ताणाच्या प्रतिमानात कामाचा बोजा आणि कामावरचा ताबा एवढे दोनच घटक होते. सहकाऱ्यांचा आधार हा तिसरा घटक १९८८ मध्ये जोडला गेला. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतल्या १०,३०८ कर्मचाऱ्यांचा १९८५पासून चाललेला पाठपुरावा या काळातला सर्वांत भक्कम पुरावा. त्यातल्याच ६,४४२ पुरुषांवरच्या २००५च्या निष्कर्षानुसार, वरिष्ठ आपले ऐकून घेतात आणि सर्वांना सारखे वागवतात असे मानणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा ३५ टक्क्यांनी कमी होता. साहेबाची वागणूक थेट हृदयापर्यंत पोहोचते, याहून स्पष्ट विधान या क्षेत्रात क्वचितच झाले असेल. पण तिथेही वागणूक मोजली ती हाताखालच्या माणसालाच विचारून. साहेब आणि हाताखालचा या जोडीला एकमेकांच्या नात्याबद्दल वेगवेगळे विचारले, तर उत्तरे फारशी जुळत नाहीत, हे १९७५नंतर या जोड्यांवर झालेल्या अभ्यासांतून एव्हाना कळलेले होते.

बर्नआउटपाशी, म्हणजे कामापायी पुरते खचून जाण्यापाशी, मात्र थांबावे लागते, कारण आजचा बहुतेक गोंधळ तिथला आहे. १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यातल्या स्वयंसेवकांकडे पाहून या अवस्थेचे वर्णन लिहिले गेले. त्याच दशकात कॅलिफोर्नियात परिचारिका, समाजसेवक, वकील अशा माणसांशी रोज गाठ पडणाऱ्यांच्या मुलाखती सुरू झाल्या. त्यांतून १९८१ची मोजपट्टी तयार झाली. तिचे तीन भाग होते: भावनिक थकवा, समोरच्या माणसाला माणूस न मानता वस्तू समजू लागणे, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. यातला मधला भाग पूर्णपणे नात्याबद्दल होता. रुग्णाचे नाव जाऊन फक्त खाटेचा क्रमांक उरतो, त्या क्षणाबद्दल होता.

पण ही पट्टी कारखान्यात किंवा संगणकापुढे बसणाऱ्यांना लावायची कशी? त्यांच्यापुढे रुग्ण नाही, विद्यार्थी नाही. म्हणून १९९६ मध्ये सर्वांना चालेल अशी आवृत्ती निघाली आणि मधला भाग बदलून तिथे कामाबद्दलचा तुटलेपणा आणि उपहास आला. कुणालाही लावता येण्याच्या सोयीपायी समोरचा माणूस मोजपट्टीतून गेला. त्या वेळी यावर फारशी आरडाओरड झाली नाही, हे मला आजही नवलाचे वाटते.

मे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत बर्नआउटची जी व्याख्या आली, ती १९९६च्या याच मोजपट्टीच्या अंगाने. जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘बर्नआउट आता आजार’ असे मथळे दिले आणि काही दिवसांतच खुलासा करावा लागला की हा आजार नव्हे, कामाशी निगडित अवस्था आहे. दहाव्या आवृत्तीतही त्याची नोंद होतीच. नव्याने आली ती सविस्तर व्याख्या. वर्गीकरण जानेवारी २०२२पासून लागू झाले, वाद मात्र मिटला नाही.

आजार ठरवायला हवा होता असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा व्यवहाराचा आहे. आजाराचा शिक्का नसेल तर रजा आणि विमा अडतात, मग डॉक्टर नैराश्य किंवा तत्सम काही लिहून वाट काढतात. स्वीडनने तर २००५पासूनच थकव्याच्या विकाराचे वेगळे निदान आपल्या यादीत घातले आहे. काही संशोधक आणखी पुढे जातात. बर्नआउटमधल्या थकव्याचे नैराश्याशी असलेले नाते त्याच्या स्वतःच्या इतर दोन भागांशी असलेल्या नात्याहून घट्ट दिसते, मग वेगळे नाव हवे कशाला, असे ते विचारतात. मोजमापाची अवस्था तर विचारूच नये. डॉक्टरांमधल्या बर्नआउटवरच्या १८२ अभ्यासांचा आढावा २०१८ मध्ये निघाला. त्यात किमान १४२ निरनिराळ्या व्याख्या आढळल्या आणि प्रमाण शून्यापासून ८०.५ टक्क्यांपर्यंत काहीही निघत होते.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मला अधिक पटते. एकदा आजार म्हटले की कर्मचारी रुग्ण होतो, उपचार घेऊन परत येतो आणि त्याला त्या दशेला नेणारे टेबल, तोच साहेब, तेच वेळापत्रक जागच्या जागी राहते. आजार न म्हणता कामाकडे बोट दाखवणे योग्यच होते. खटकते ती व्याख्येची ठेवण. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण ‘यशस्वीपणे हाताळला न गेल्यामुळे’ ही अवस्था येते, असे ती सांगते. हाताळायचा कोणी, हे सांगत नाही. या मोकळ्या जागेत प्रत्येकाने आपल्याला हवा तो कर्ता भरला, आणि कंपन्यांनी बहुधा कर्मचाऱ्याचेच नाव घातले. शिवाय ही अवस्था फक्त नोकरीधंद्यापुरतीच मानायची अशी अट असल्यामुळे घरी वर्षानुवर्षे आजारी माणसाचे करणारे तिच्याबाहेर राहिले.

नात्यांकडे परतणारे संशोधन या काळात झालेच नाही असे नाही. रुग्णालयांतल्या पथकांवरच्या १९९६च्या एका अभ्यासात, ज्या पथकांत नेतृत्व आणि आपसातले संबंध चांगले, तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदल्या गेलेल्या दिसल्या. कारण शोधता लक्षात आले की तिथे चूक कबूल करायची भीती नव्हती. या धाग्यातून १९९९ मध्ये ५१ पथकांवरचा अभ्यास आला. त्यात हे निर्भयपण एकट्याचे न मानता पथकाचा गुण म्हणून मोजले होते, आणि या इतिहासात ते दुर्मीळ आहे. कामावर तुमचा जिवलग मित्र आहे का, हा सर्व्हेतला गाजलेला प्रश्नही नव्वदच्या दशकातलाच. अनेक व्यवस्थापकांना तो आगाऊपणाचा वाटला. ‘जिवलग’ काढून टाकले तर चांगली आणि वाईट पथके वेगळी ओळखू येत नाहीत, असे प्रश्न तयार करणाऱ्यांचे म्हणणे. २०२०च्या पहिल्या सहामाहीत एका सॉफ्टवेअर कंपनीच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या संपर्काच्या नोंदी तपासल्या, तेव्हा घरून काम सुरू झाल्यावर गट आतल्या आत घट्ट आणि एकमेकांपासून दूर होत गेल्याचे दिसले.

पैसा मात्र वेलनेसकडे, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठीच्या कार्यक्रमांकडे, वळला. अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका विद्यापीठाच्या सुमारे पाच हजार कर्मचाऱ्यांवर २०१६पासून चिठ्ठ्या टाकून गट पाडून प्रयोग झाला. कार्यक्रमात येणारे आधीपासूनच धडधाकट निघाले. कार्यक्रमामुळे वैद्यकीय खर्च, गैरहजेरी किंवा उत्पादकता यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६,३३६ कर्मचाऱ्यांच्या माहितीवरून, ॲप, ध्यान, कणखरपणाचे प्रशिक्षण घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे आहेत असे काही दिसले नाही. अपवाद होता तो इतरांसाठी स्वयंसेवा करण्याचा. हा एकाच वेळच्या माहितीवरचा अभ्यास आहे, मुळात आनंदी माणसेच स्वयंसेवेला जात असतील, हा आक्षेप रास्त आहे. तो आक्षेप ॲप विकणाऱ्यांनीच सर्वांत जोरात घेतला असता तर नवल नव्हते.

छळाच्या संशोधनाची वाट वेगळी. तिची सुरुवात १९८०च्या दशकात स्वीडनमध्ये झाली आणि १९९३ मध्ये तिथेच कामावरच्या छळाविरुद्ध पहिला नियम आला. फ्रान्सने २००२ मध्ये कायदा केला. तिथल्या एका दूरसंचार कंपनीने २२ हजार लोक कमी करण्याचा घाट घातला होता, आणि त्या काळात कर्मचाऱ्यांच्या आत्महत्या झाल्या होत्या. डिसेंबर २०१९ मध्ये कंपनी आणि तिचे माजी वरिष्ठ अधिकारी दोषी ठरले, व्यक्तीने व्यक्तीच्या केलेल्या छळाबद्दल नव्हे तर धोरणातूनच केलेल्या छळाबद्दल. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने माजी अधिकाऱ्यांवरचा हा दोष कायम ठेवला: छळणारा आणि सोसणारा यांची कधी गाठही पडली नसली तरी गुन्हा होतो.