नोकरी सुटल्यावर कंपनीची वस्तू न देणं: कायदा इथवर कसा आला

नोकरी सोडताना कंपनीचं घर, गाडी किंवा लॅपटॉप परत न करणाऱ्यावर फौजदारी खटला होऊ शकतो, हे अनेकांना आजही पटत नाही. हा आपसातल्या देण्याघेण्याचा वाद, असंच वाटतं. कायद्यालाही याचा निवाडा करायला बराच काळ लागला.

१८६० च्या दंड संहितेत साध्या चोरीला कमाल तीन वर्षं कैद होती, पण नोकराने मालकाची चोरी केली तर कलम ३८१ खाली सात. विश्वासाने सोपवलेला माल लाटला तर कलम ४०८, तिथेही सात. पण ३८१ लागायचं ते चोरी करताना नोकरीत असलेल्याला. काम सोडून गेलेल्याने माल पळवला तर ते लागायचं नाही. आणि मालकानेच हातात दिलेली वस्तू परत केली नाही, तर ती चोरीत बसवणं कठीण. चोरीसाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यातून हलवावी लागते.

म्हणून १९३६ मध्ये कंपनी कायद्यात कलम २८२-अ आलं, १९५६ मध्ये त्याचं ६३० झालं. कंपनीची मालमत्ता अडवून ठेवणारा अधिकारी किंवा कर्मचारी गुन्हेगार ठरू लागला. दंड फक्त हजार रुपयांपर्यंत. खरी धार होती ती मुदतीत वस्तू परत करा, नाहीतर दोन वर्षांपर्यंत तुरुंग, या आदेशात.

या कलमाचा कस लागला तो मुंबईतल्या फ्लॅटांवर. कंपनीने दिलेलं घर सुटलं की शहरात तसं दुसरं मिळणं मुश्कील, त्यामुळे माणसं घर सोडेनात. बचाव ठरलेला: कलमात ‘कर्मचारी’ आहे, मी आता कर्मचारी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने तो फेटाळला, कलकत्त्याने मानला. १९८७ मध्ये शिपिंग कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईचं मत उचलून धरलं: माजी कर्मचारीही यात येतो. ते योग्यच होतं, कारण वस्तू अडवली जाते ती बहुधा नोकरी संपल्यावरच. १९९१ मध्ये गोकाक पटेल व्होलकार्टच्या खटल्यात हा चालू राहणारा गुन्हा ठरला, त्यामुळे ‘तक्रारीची मुदत संपली’ ही पळवाटही बुजली. १९९५ च्या कॉक्स अँड किंग्ज निकालाने कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर घर न सोडणारे वारसही कक्षेत आले.

आज कंपनी कायदा २०१३ चं कलम ४५२ लागू आहे. दंड एक ते पाच लाख रुपये. १ जुलै २०२४ पासून ३८१ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०६ आहे आणि ४०८ ची तरतूद ३१६ मध्ये गेली आहे. संगणकातली माहिती परवानगीविना उतरवून नेली, तर माहिती तंत्रज्ञान कायदा वेगळा लागतो.

या इतिहासात कर्मचाऱ्याची बाजू फार उशिरा ऐकली गेली. भविष्य निर्वाह निधी किंवा ग्रॅच्युइटी कंपनीनेच थकवली असेल, तर राहतं घर न सोडल्याबद्दल त्याला कैद देता येणार नाही, ही तरतूद २०२० च्या दुरुस्तीने आली. मुंबईच्या खटल्यांच्या काळात ती हवी होती.