गिअरची स्कूटर : बिघाड व देखभाल

गिअरची स्कूटर म्हणजे डाव्या मुठीवर क्लच आणि गिअर असलेली, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी टू-स्ट्रोक (क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा इंधन जाळणारी) दुचाकी. भारतात तिची दोन घराणी झाली. एक इटलीतील लँब्रेटाचे. ते मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने आणले आणि पुढे लखनौच्या स्कूटर्स इंडियाने चालवले. दुसरे व्हेस्पाचे. पियाज्योच्या परवान्यावर बजाज ऑटो व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये त्याच घडणीची ‘चेतक’ पुण्याजवळच्या आकुर्डीतून बाहेर पडू लागली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये ‘प्रिया’ तयार होई. महाराष्ट्रात स्कूटर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती ही व्हेस्पाचीच जात, म्हणून इथे तिचाच विचार केला आहे.

चेतकचे इंजिन १४५ सीसीचे, एका सिलिंडरचे, मागच्या चाकाच्या उजव्या अंगाला टांगलेले. चेन नाही, बेल्ट नाही. गिअरबॉक्समधून ताकद थेट चाकाला. पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) पोकळीतून जाते आणि मग सिलिंडरमध्ये चढते. त्यामुळे त्या पोकळीत मोटारीसारखे ऑइल भरून ठेवता येत नाही. वंगण पेट्रोलबरोबरच येते, बेअरिंग आणि पिस्टन ओले करते आणि शेवटी जळून जाते. या स्कूटरचे निम्मे आजार या एका व्यवस्थेतून निघतात : ऑइल जास्त झाले तर काजळी, कमी पडले तर पिस्टन जाम.

ऑइलचे प्रमाण साधारण २ टक्के, म्हणजे लिटरला २० मिलि. पंपावर आधी ऑइल आणि मग पेट्रोल घेतले की पेट्रोलच्या धारेने ते आपोआप मिसळते. उलट केले तर जड ऑइल तळाशी बसते आणि कॉकमधून, म्हणजे टाकीच्या तोटीतून, आधी तेच उतरते. अशा वेळी स्टँडवरची स्कूटर दोन्ही हातांनी डोलवून घ्यावी लागे. ‘अंगाला चांगलं असतं’ म्हणून चार थेंब जास्त घालणारेही पुष्कळ होते, आणि मेकॅनिकचे घर त्यांच्यावरच चाले.

स्कूटर सुरू होत नसेल तर तीनच गोष्टी बघायच्या : पेट्रोल येते का, करंट येतो का, कॉम्प्रेशन आहे का. सुरुवात प्लगपासून करतात, कारण प्लग काढला की तिन्हींचा थोडाथोडा पत्ता लागतो. टोक बदामी रंगाचे आणि कोरडे असेल तर इंजिनाची तब्येत ठीक. काळे आणि ओले असेल तर ऑइल किंवा चोक (मिश्रण दाट करणारी कळ) जास्त झाला. पांढरे पडले असेल तर मिश्रणात पेट्रोल कमी, आणि ही खूण काळजीची. दहा किका मारूनही प्लग कोरडाच निघाला तर पेट्रोल पोहोचतच नाही. करंट बघायचा तर प्लग टोपीत खोचून त्याचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे आणि किक मारायची. निळी, टचकन उडणारी ठिणगी हवी. जवळपास पेट्रोल सांडलेले नसावे, एवढे भान ठेवायचे. प्लगमधली फट सुमारे ०.६ मिमी. हॅकसॉच्या पात्याची जाडीही जवळपास तेवढीच असते, त्यामुळे फीलर गेज नसले तरी अडत नाही. काजळी धरलेला प्लग तारेच्या ब्रशने किंवा पॉलिश पेपरने घासायचा, पेट्रोलने धुऊन वाळवायचा. डिक्कीत प्लग-पाना आणि फडक्यात गुंडाळलेला जादा प्लग नसलेला स्कूटरवाला विरळाच.

प्लग नवा असूनही ठिणगी पिवळी आणि मरतुकडी असेल तर जुन्या मॉडेलांत दोष ठिणगीसाठी करंट तोडणाऱ्या पॉइंटचा किंवा त्याच्या जोडीच्या कंडेन्सरचा. फ्लायव्हीलच्या (क्रँकवरच्या जड चाकाच्या) खिडकीतून पॉइंट दिसतात. त्यांची तोंडे जळून खडबडीत होतात, ती घासून फट पुन्हा लावावी लागते. नंतरच्या मॉडेलांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन आले आणि हे काम संपले. मात्र त्यातला भाग गेला की घासून भागत नाही, बदलावाच लागतो.

पेट्रोलची बाजू सोपी. सीटखालचा कॉक बंद राहिलेला असणे हा सर्वांत सामान्य ‘बिघाड’. त्यानंतर रिझर्व्हवर न घेतलेला कॉक, मग टाकीच्या झाकणाचे बुजलेले हवेचे छिद्र, मग जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक छिद्रात, आलेला कचरा. जेट तारेने टोचू नये, छिद्र मोठे होते. तोंडाने फुंकून किंवा पंपाची हवा मारून साफ करावे. सकाळी स्कूटर बाजूला कलती करून, थोडा वेळ तशीच धरून मग किक मारायची, हा सोसायट्यांच्या आवारातला नित्याचा देखावा. त्यामागे जादू काही नाही. कलल्यावर कार्ब्युरेटरमधला फ्लोट जागचा हलतो, पेट्रोल वर चढून वाहते आणि गार इंजिनाला हवे असते तसे दाट मिश्रण मिळते. चोकचे काम तेच. चोकची केबल तुटलेली असली की मग कलती करण्यावाचून गत्यंतर नसे. अतिरेक झाला तर प्लग भिजतो. तेव्हा कॉक बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून पाचसहा किका मारल्या की जादा पेट्रोल निघून जाते.

घाट हा या इंजिनाचा खरा परीक्षक. डबलसीट आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना इंजिन तापते. हवा फ्लायव्हीलवरच्या पंख्याची, ती कमी पडते; पिस्टन फुगून सिलिंडरला धरतो आणि मागचे चाक एकदम अडते. क्षणात क्लच दाबणे हाच उपाय, नाहीतर स्कूटर घसरते. गार व्हायला अर्धा तास द्यावा. गरम सिलिंडरवर पाणी ओतू नये. प्लगच्या भोकातून ऑइलचे काही थेंब सोडून किक हाताने हलकेच फिरवून पाहावी. कमी लोकांना ठाऊक असते ते उताराचे. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरत राहिले तर इंजिन जोरात फिरते, पण पेट्रोल येत नाही म्हणून ऑइलही येत नाही. उतारावर अधूनमधून ॲक्सिलरेटर पिळत जावा, असे जाणते मिस्त्री सांगतात ते यासाठी. वारंवार जाम झालेल्या सिलिंडरवर ओरखडे पडतात. मग रिबोर (सिलिंडर आतून कातून रुंद करणे) आणि मोठ्या मापाचा पिस्टन.

पिकअप हळूहळू मेला, चाळिसाच्या पुढे काटा सरकेना, तर सायलेन्सर काजळीने तुंबलेला असतो. आतल्या ऑइलच्या काजळीला आगीत भाजून काढत. त्याच वेळी हेड उतरवून पिस्टनच्या माथ्यावरचा आणि एक्झॉस्टच्या तोंडाचा कार्बन खरवडायचा.

ऑइल सील (क्रँकच्या दोन्ही बाजूंची रबरी कडी) गेल्याची लक्षणे मात्र भल्याभल्यांना चकवतात. क्लचकडचे सील गेले की इंजिन गिअरबॉक्समधले ऑइल ओढून जाळते; पांढरा धूर थांबत नाही आणि गिअर ऑइलची पातळी उतरत जाते. फ्लायव्हीलकडचे गेले तर इंजिन बाहेरची हवा ओढते, आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, उतरत नाही. अशा वेळी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवत बसण्यात दिवस जातो.

बाकी कामे किरकोळ. गिअर आणि क्लचच्या केबल निपलपाशी एकेक तार तुटत जातात. गिअर अडखळू लागला की केबल बघावी. पुढचे-मागचे चाक एकाच मापाचे, ३.५०–१०, म्हणून एक स्टेपनी दोन्हींना चालते. रिम दोन तुकड्यांची असते. हवा सोडल्याशिवाय तिचे नट खोलणे जिवावर बेतू शकते.

न जळलेल्या मिश्रणाचा काही भाग एक्झॉस्टमधून तसाच निसटतो आणि सोबत ऑइलचा धूर, त्यामुळे २००० नंतरच्या प्रदूषण-मर्यादांपुढे टू-स्ट्रोक स्कूटर टिकली नाही. बजाजने २००९ मध्ये स्कूटर बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. २०१९ मध्ये परतलेली चेतक विजेवर चालते. नाव सोडता तिच्यात यातले काही नाही.

जुन्या स्कूटर हौसेने बाळगणाऱ्यांना नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. त्यांची आजची अडचण इथेनॉलमिश्रित पेट्रोलची आहे. इथेनॉल हवेतली ओल ओढते, जुने रबरी पाइप आणि वॉशर खराब करते. उभ्या स्कूटरच्या कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उडून गेले की मागे उरलेले चिकट ऑइल जेट बुजवते. म्हणून आठवडाभर काढायची नसेल तर घराच्या थोडे अलीकडेच कॉक बंद करून आतले पेट्रोल संपू देतात.